चिखलात घडणारी भिंत

जमिनीत तीन फूट रुंद, वीस-बावीस फूट लांब आणि साठ-सत्तर फूट खोल अशी एक फट खणलेली आहे. कडा सरळ उभ्या. आत लाकडाचा टेकू नाही, लोखंडी पत्रा नाही. भोवतालची जमीन भुसभुशीत वाळूची, तीही पाण्याने भरलेली. अशी फट पाच मिनिटंही उभी राहू नये. पण ती दिवसभर राहते, रात्रभर राहते, कारण ती रिकामी नसते. तिच्यात काठोकाठ पातळ, मळकट रंगाचा चिखल भरलेला असतो. बेंटोनाइट नावाची माती पाण्यात कालवून केलेला. खणणारं यंत्र या चिखलातच बुडी मारतं आणि तळाची माती वर आणतं. जेवढी माती बाहेर निघते तेवढा चिखल लगेच वरून आत सोडतात. खोली पुरी झाली की याच चिखलातून लोखंडी सळ्यांचा सांगाडा खाली उतरवतात. मग तळापासून काँक्रीट भरत आणतात, तसा चिखल वर ढकलला जाऊन बाहेर पडतो. जमिनीच्या पोटात भिंत तयार होते, आणि ती होत असताना एकाही माणसाला तिचा पृष्ठभाग दिसलेला नसतो.

ही 'डायाफ्राम वॉल'. साइटवर सगळे तिला 'डी-वॉल' म्हणतात, अमेरिकेत 'स्लरी वॉल'. भुयारी मेट्रोची स्थानकं, उंच इमारतींची तळघरं आणि मोठ्या धरणांचे पाये आज तिच्या भरवशावर उभे आहेत. तिच्याबद्दल बोलताना बहुतेकदा जाडी आणि खोलीचे आकडे सांगितले जातात. माझ्या मते पाणी अडवण्याच्या बाबतीत ते आकडे दुय्यम आहेत. भिंत तळाशी कशावर टेकली, दोन्ही टोकांना कुठे संपली आणि तिच्या दोन तुकड्यांमधला सांधा कसा बसला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. आणि तिन्ही गोष्टी डोळ्यांआड असतात.

न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटर उभारायचं ठरलं, तेव्हा ते बांधणाऱ्या पोर्ट अथॉरिटी या संस्थेच्या इंजिनिअरांपुढे पहिला प्रश्न पाण्याचाच होता. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाची ती जागा हडसन नदीला लागून. तिचा बराचसा भाग मुळात जमीन नव्हताच, तिथे नदी वाहत होती. डच आणि इंग्रज वसाहतींच्या काळापासून लोकांनी धक्के बांधत, भराव टाकत किनारा पुढे सरकवला होता. त्या भरावात जुन्या धक्क्यांची लाकडं, दगडगोटे, मोडतोड असं काय काय गाडलेलं. याच परिसरात २०१० साली खोदकाम चालू असताना अठराव्या शतकातल्या एका लाकडी जहाजाचे अवशेष निघाले, यावरून त्या जमिनीची कल्पना यावी. कठीण खडक खाली सुमारे ७० फुटांवर. मनोरे खडकावर टेकवायचे तर तेवढं खोल जाणं भाग होतं, आणि तेवढं खोल गेलं की हडसनचं पाणी भरावातून झिरपत खड्ड्यात येणार हे उघड होतं.

पंप लावून उपसत राहावं, असं कोणालाही वाटेल. विहीर खोदताना पाणी लागलं की आपणही मोटार लावून काम पुढे रेटतो. शहरात मात्र ते अंगाशी येतं. खड्ड्यातलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळीही उतरते. मातीच्या कणांना पाण्याने जो आधार दिलेला असतो तो जातो, कणांवरचा भार वाढतो, माती दबते आणि शेजारच्या इमारतींना तडे जातात. शिवाय पलीकडे अख्खी नदी असताना उपसा संपणार कधी? लोखंडी पत्रे ठोकून कडं करावं, तर पत्रे भरावातल्या ओंडक्यांना आणि दगडांना अडून वाकणार. राहिला एकच मार्ग. जागेभोवती आधी जमिनीतच भिंत बांधायची, ती खडकात रुतवायची, आणि मग आतली माती काढायची.

पण वाळूत खणलेली फट चिखलाच्या भरवशावर उभी राहते ती कशी?

पहिलं कारण साध्या वजनाचं. बेंटोनाइटचं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं. एक घनमीटर पाणी एक टन भरतं, तर हे मिश्रण साधारण १.०५ टन. समजा भूजलाची पातळी जमिनीखाली २ मीटरवर आहे आणि आपण २० मीटर खोल खणलं आहे. तळाशी बाहेरून पाण्याचा दाब पडेल दर चौरस मीटरला १८ टन. आतून काठोकाठ भरलेल्या चिखलाचा दाब पडेल २१ टन. म्हणजे आतला दाब ३ टनांनी जास्त. चिखल बाहेरच्या पाण्याला आत येऊ देत नाही, उलट स्वतःच बाहेर जायला बघतो.

इथे दुसरं कारण कामाला येतं. चिखल कडेच्या वाळूत शिरायला लागतो तेव्हा पाणी पुढे निघून जातं आणि बेंटोनाइटचे कण वाळूच्या तोंडाशीच अडकतात. काही वेळात कडेवर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ, चिवट थर धरतो. जाडी काही मिलिमीटर, पण पाणी त्यातून सहज जात नाही. हा थर धरला की आतला जास्तीचा दाब थेट कडेवर पडतो आणि वाळूचे कण जागच्या जागी राहतात. थर धरला नाही, तर चिखल नुसताच वाळूत मुरून जाईल आणि फट ढासळेल. दगडगोट्यांचा मोकळा थर लागला किंवा एखाद्या जुन्या गटाराला भगदाड पडलं की हेच होतं. चिखलाची पातळी बघता बघता खाली जाते. म्हणून शेजारी मोठ्या टाक्यांमध्ये तयार बेंटोनाइट कायम साठवलेलं असतं आणि पातळीवर नजर ठेवायला माणूस असतो. त्याची नजर चुकली की काही मिनिटांत कडा आत येते.

तिसरं कारण जमिनीचंच. एवढासा जास्तीचा दाब वाळूचा पूर्ण भार पेलायला हिशोबाने कमी पडतो. पण फट लांबीला आखूड असेल तर तिच्या मागची माती कमानीसारखी आपला भार दोन्ही बाजूंच्या न खणलेल्या जमिनीवर टाकते. म्हणूनच ही भिंत सलग खणत नाहीत. ती पाच-सात मीटरच्या तुकड्यांनी करतात. एका तुकड्याला पॅनल म्हणतात.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या मातीची ओळख करून घ्यायला हवी. बेंटोनाइट हे नाव अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडणाऱ्या फोर्ट बेंटन नावाच्या खडकथरावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलं. ज्वालामुखीच्या राखेत लाखो वर्षं बदल होत होत ही माती तयार होते. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे, एकेक पापुद्रा एक मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडून मांडले तर त्यांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या पुढे जातं. भारतात बेंटोनाइट मुख्यतः कच्छमधून येतं, आणि तिथल्या साठ्यांचा संबंध भूवैज्ञानिक दख्खनच्या लाव्हाशी जोडतात. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या मिटतात, त्यामागेही याच कुळातली खनिजं आहेत. घराचा पाया काळ्या मातीत घेताना गवंडी ज्या गुणाला धास्तावतो, तोच गुण इथे हवा असतो.

या मिश्रणाची आणखी एक खुबी आहे. ढवळत राहिलं की ते पातळ होऊन वाहतं, स्थिर ठेवलं की हळूहळू जेलीसारखं धरतं, पुन्हा ढवळलं की पुन्हा पातळ. त्यामुळे यंत्र आत फिरत असताना ते वाट देतं आणि यंत्र थांबलं की मातीचे बारीक कण आपल्यात तरंगत धरून ठेवतं. साइटवर त्याची परीक्षा एका साध्या नरसाळ्याने होते. मार्श फनेल म्हणतात त्याला. नरसाळ्यात दीड लिटर मिश्रण ओतायचं, खालचं बोट काढायचं आणि ९४६ मिलिलिटर बाहेर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. नुसत्या पाण्याला २६ सेकंद लागतात. चांगल्या बेंटोनाइटला तीस-चाळीस. कमी लागले तर मिश्रण पातळ आहे, फार लागले तर त्यात माती मिसळली आहे किंवा ते खराब झालं आहे. त्याला खराब करणाऱ्या दोन गोष्टी हमखास भेटतात, खारं पाणी आणि सिमेंट. दोन्हींमुळे पापुद्रे गोळा होऊन खाली बसतात. समुद्राकाठच्या शहरात म्हणूनच बेंटोनाइट गोड्या पाण्यात आधी काही तास भिजवून, फुगवून मगच वापरावं लागतं.

चिखलाने भोक उभं ठेवण्याची युक्ती तेलविहिरी खणणाऱ्यांची. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप इथे १९०१च्या सुरुवातीला तेलाचा प्रचंड फवारा उडाला. त्या विहिरीला वाळूचा थर लागून भोक सारखं ढासळत होतं, तेव्हा खणणाऱ्यांनी पाण्याच्या खड्ड्यात गुरं हाकून चिखल करून घेतला आणि तो विहिरीत सोडला, असं सांगतात. गोल भोकाऐवजी लांबट फट याच रीतीने उभी ठेवता येईल, हा विचार पुढे नेला क्रिस्टियान वेडर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने. इटलीत मिलानच्या इकोस कंपनीबरोबर काम करत त्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हे तंत्र उभं केलं. मिलानच्या मेट्रोची पहिली मार्गिका १९५७ ते १९६४ या काळात बांधली गेली ती याच रीतीने. आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना जमिनीत भिंती, मग त्यांवर छत टाकून रस्ता वाहतुकीला मोकळा, आणि नंतर छताखाली सावकाश खोदकाम. आज कुठल्याही शहरात भुयारी स्थानक होताना वरून वाहनं चालू दिसतात, त्या पद्धतीचं मूळ इथे आहे.

आता एक पॅनल कसं होतं ते जरा जवळून पाहू. सर्वांत आधी जमिनीलगत दोन बुटक्या काँक्रीटच्या भिंती घालतात, साधारण मीटर-दीड मीटर खोल. ही गाइड वॉल. यंत्राला ती रांग दाखवते आणि वरची माती ढासळू देत नाही. मग क्रेनला लटकवलेला जड ग्रॅब, म्हणजे जबड्यासारखं उघडणारं-मिटणारं बकेट, खाली सोडतात. खडक लागला तर जड छिन्नी आपटून फोडतात किंवा दातेरी चाकं फिरवणारा हायड्रोमिल वापरतात. खणताना सगळा जीव असतो तो ओळंब्यात. वीस मीटर खोलीवर फट जरा तिरपी गेली, तर शेजारच्या पॅनलचा आणि हिचा तळ एकमेकांपासून सुटतो आणि मध्ये वाळूची पाचर राहते. वरून पाहिलं तर दोन पॅनल अगदी चिकटून. खाली मात्र पाण्याला मोकळी वाट. या दोषामुळे खोदकाम उघडल्यावर भिंतीतून वाळू-पाण्याची धार लागते आणि बाहेरचा रस्ता खचतो.

खोली मिळाली की तळाचा गाळ काढून घेतात आणि वाळू मिसळलेलं बेंटोनाइट बदलून स्वच्छ भरतात. हे कंटाळवाणं काम आहे आणि घाईत टाळलं जातं ते हेच. तळाशी गाळाचा थर राहिला तर भिंत खडकावर न टेकता गाळावर टेकते, आणि पाणी बरोबर त्या थरातून वाट काढतं. पॅनलच्या टोकाला पाइप किंवा खाचेचा पोलादी तुकडा उभा करतात, म्हणजे पुढचं पॅनल त्या खाचेत बसेल. त्या खाचेत रबरी पट्टीही बसवता येते, पाणी अडवायला. मग सांगाडा उतरतो. साइटवर त्याला केज म्हणतात. वजन कित्येक टन, त्यामुळे तो उचलताना वाकू नये म्हणून दोन क्रेन लागतात.

काँक्रीट वरून ओतून चालत नाही, ते चिखलात विस्कटेल. त्यासाठी ट्रेमी नावाचा नळ तळापर्यंत सोडतात. काँक्रीट नळातून तळाशी पोचतं आणि तिथून वर चढू लागतं. ते चिखलाच्या दुपटीहून जड, त्यामुळे चिखल आपसूक वर उचलला जातो. तो पंपाने खेचून, वाळू काढून, पुढच्या पॅनलसाठी ठेवतात. इथे एकच नियम मोडायचा नसतो. नळाचं खालचं तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये दोन-तीन मीटर बुडालेलं हवं. काँक्रीट जसं वर येईल तसा नळ थोडा थोडा वर घ्यायचा. एखादा उतावळा हात नळ जास्त खेचतो, तोंड काँक्रीटच्या बाहेर येतं, आणि पुढचं काँक्रीट चिखलावर पडतं. मग भिंतीत चिखलाचा एक आडवा पट्टा कायमचा राहतो. काँक्रीटची गाडी वाहतुकीत तासभर अडकली तरी हा धोका असतो. शेवटी माथ्यावरचं मातकट काँक्रीट तोडून टाकतात. एका आड एक पॅनल आधी करतात, ती धरली की मधली.

न्यूयॉर्कमध्ये १९६७-६८ मध्ये अशी दीडशेहून अधिक पॅनल झाली, प्रत्येक २२ फूट लांब आणि ३ फूट जाड. सगळी मिळून सुमारे एक किलोमीटरचा वेढा. इंजिनिअर त्या वेढ्याला 'बाथटब' म्हणत, जरी त्याचं काम पाणी आत ठेवण्याचं नसून बाहेर ठेवण्याचं होतं. मग आतली माती काढायला सुरुवात झाली. जसजसे खाली जात तसतसे भिंतीला आरपार भोकं पाडून, तिरपे पोलादी दोर पलीकडच्या खडकात रुतवून ताणत गेले, म्हणजे नदीच्या आणि मातीच्या रेट्याने भिंत आत कलू नये. त्या जागेच्या मधूनच न्यू जर्सीला जाणाऱ्या रेल्वेचे जुने बोगदे होते. ते खोदकामात उघडे पडले, त्यांना आधार देऊन हवेत झुलत ठेवलं आणि आतून गाड्या चालूच राहिल्या. निघालेली माती शेजारी नदीत टाकली, तिच्यातून सुमारे २३ एकर नवी जमीन झाली, आणि बॅटरी पार्क सिटी नावाच्या वस्तीचा एक भाग तिच्यावर उभा राहिला. तळघराचे मजले बांधून झाल्यावर त्या मजल्यांनीच भिंतीला आतून आधार दिला, आणि तात्पुरते दोर सोडवले गेले.

२००१ च्या ११ सप्टेंबरला दहशतवादी हल्ल्यात मनोरे कोसळले तेव्हा तळघराचे मजलेही गेले, म्हणजे भिंतीचा आधार गेला. काही ठिकाणी ढिगाराच आता तिला टेकू देत होता. तो ढिगारा उचलायला हवा होता, त्यात माणसं होती. आणि उचलताना भिंत पडली असती, तर हडसनचं पाणी खड्ड्यात आणि तिथून रेल्वेच्या बोगद्यांत शिरलं असतं. दक्षिणेला लिबर्टी स्ट्रीटच्या बाजूची भिंत माथ्याशी दहा इंचांहून जास्त आत सरकली आणि रस्त्याला भेग पडली. जॉर्ज टमारो या इंजिनिअरने तरुणपणी ही भिंत बांधण्याच्या कामात भाग घेतला होता. आता तीच भिंत वाचवण्याच्या कामात तो पुढे होता. भिंतीजवळ जड क्रेन येऊ द्यायच्या नाहीत, आत भराव टाकून तिला टेकू द्यायचा, मग टप्प्याटप्प्याने ढिगारा काढत नवे दोर खडकात रुतवायचे, असं महिनोन्‌महिने चाललं. बोगद्यांना न्यू जर्सीच्या बाजूला काँक्रीटचं बूच घातलं गेलं. नदी आत आली नाही. पुढे वास्तुविशारद डॅनियल लिबेस्किंड यांच्या आराखड्यात त्या भिंतीचा एक भाग उघडा ठेवायचं ठरलं, आणि त्याच जागी २०१४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात ती आता समोर उभं राहून पाहता येते. खडबडीत, ठिगळांची, दोरांच्या टोप्या मिरवणारी. घडत असताना ती कोणालाच अशी दिसली नव्हती.

शहरातली भिंत माती आणि पाणी दोन्ही अडवते, म्हणून तिला लोखंड लागतं. धरणाखालच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी माती असते. तिला भार पेलायचा नसतो, फक्त पाझर थांबवायचा असतो. तिथे लोखंड तर नकोच, काँक्रीटही कडक नको. वर धरणाचा भार चढला की तळाची वाळू थोडी दबते, आणि कडक भिंत अशा वेळी तडकते. म्हणून सिमेंटमध्ये बेंटोनाइट मिसळून 'प्लास्टिक काँक्रीट' करतात. ते जमिनीबरोबर वाकतं. उथळ कामांत तर लांब दांड्याच्या पोकलेनने चर खणून, निघालेल्याच मातीत बेंटोनाइट कालवून ती परत चरात ढकलतात. अमेरिकेत रसायनांनी दूषित झालेल्या जमिनींभोवती अशा चरांची कडी केलेली आहेत, विष भूजलात पसरू नये म्हणून.

पाझर किती थांबतो, याचा हिशोब फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या आँरी दार्सीने १८५६ मध्ये मांडलेल्या नियमाने होतो. जाडसर वाळूची पारगम्यता सेकंदाला एक मिलिमीटरचा दहावा भाग असते. चांगल्या बेंटोनाइटच्या भिंतीची त्याहून एक लाख पटींनी कमी. एक मीटर जाडीच्या अशा भिंतीवर १० मीटर पाण्याचा फरक असला, तर तिच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला एक लिटरही पाणी जात नाही. म्हणजे भिंत स्वतः जवळजवळ कोरडी. धोका आहे तो तिला वळसा घालणाऱ्या पाण्याचा. आणि हा पाझर नुसता पाणी नेत नाही, तो मातीचे बारीक कण बरोबर नेतो. कण गेले की वाट रुंदावते, वाट रुंदावली की वेग वाढतो आणि आणखी कण जातात. धरणाच्या पायथ्याला गढूळ पाणी येणं हे म्हणून स्वच्छ पाणी येण्यापेक्षा फार गंभीर लक्षण. गळतीच्या पाण्याचा रंग रोज पाहून नोंदवणारा धरणावरचा माणूस मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कंबरलँड नदीवर वुल्फ क्रीक धरण आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं. त्याच्या मातीच्या भागाखाली चुनखडीचा खडक, आणि त्यात पाण्याने कोरलेल्या पोकळ्या. १९६८ मध्ये पायथ्याला गढूळ पाणी आलं, जमिनीत खड्डे पडले. १९७५ ते ७९ या काळात धरणाच्या माथ्यावरून खाली काँक्रीटची भिंत घातली गेली. काही वर्षं सगळं ठीक वाटलं. पण भिंत पुरेशी खोल नव्हती आणि पुरेशी लांबही नव्हती. पाण्याने तिच्या खालून आणि टोकाकडून नव्या वाटा शोधल्या. २००७ मध्ये जलाशयाची पातळी मुद्दाम उतरवावी लागली. दुसरी भिंत, पहिलीपेक्षा लांब आणि खोल, २०१३ मध्ये पुरी झाली. खोली ८० मीटरच्या घरात, आणि सगळ्या दुरुस्तीचा खर्च सुमारे ५९ कोटी डॉलर. पहिल्या वेळी हात आखडता घेतला त्याची ही किंमत.

महाराष्ट्रात अशा भिंती तुलनेने कमी लागतात, कारण बहुतेक ठिकाणी काळा कातळ जवळच सापडतो. आपल्या मातीच्या धरणांखाली कातळापर्यंत चर खणून त्यात काळी चिकण माती दाबून भरतात आणि तिच्यावरच धरणाचा गाभा, म्हणजे हार्टिंग, चढवतात. मुंबई मेट्रो ३ च्या भुयारी स्थानकांसाठी एकमेकांत घुसलेल्या गोल खांबांची रांग, म्हणजे सिकंट पाइल, वापरली गेली. कातळ फोडायला ती सोयीची. खेड्यांत मात्र हीच कल्पना उलट्या हेतूने वापरतात. भूमिगत बंधाऱ्यात नाल्याच्या पात्रात आडवा चर खणून, तो चिकण मातीने किंवा प्लास्टिकच्या कागदाने बंद करतात, म्हणजे वाळूखालून वाहून जाणारं पाणी वरच्या अंगाला अडून विहिरींना मिळतं. आणि १९७२ च्या दुष्काळात गावोगाव झालेल्या पाझर तलावांत पाणी मुरावं हाच हेतू, म्हणून तिथे बांधाखालचा चर मुद्दाम उथळ ठेवतात. पाझर कुठे थांबवायचा आणि कुठे चालू द्यायचा, हे ठरवूनच चराची खोली ठरते.

आपल्या नदीवरची सर्वांत मोठी अशी भिंत आपल्या राज्यात नाही. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात पोलावरमला डोंगरांच्या खिंडीतून बाहेर पडते, तिथे तिच्या पात्रात खोलवर वाळू आहे. मधल्या पात्रात माती-दगडांचं धरण, आणि पूर जाण्यासाठी बाजूला ४८ दरवाजांचा सांडवा. या धरणाखाली वाळूतून खडकापर्यंत प्लास्टिक काँक्रीटची भिंत घातली गेली. दीड मीटर जाड, सुमारे १.४ किलोमीटर लांब, काही ठिकाणी ९० मीटरच्या आसपास खोल. २०१८ मध्ये ती पुरी झाली. पण वर धरण चढायचं होतं आणि पात्र कोरडं ठेवणारे तात्पुरते बांध अजून अर्धवट होते. २०१९ आणि २०२० च्या पुरात पाणी त्या अर्धवट बांधांमधल्या अरुंद वाटेने जोरात घुसलं. या पुरात वर्धा आणि वैनगंगेचं, म्हणजे आपल्या विदर्भातल्या पावसाचं पाणी प्राणहितेतून आलेलं असतं. त्या धारेने पात्रातली वाळू खोलवर उकरली आणि भिंत काही ठिकाणी तुटली. वाळूच्या कुशीत ती भक्कम होती, ती कूस गेल्यावर तिला उभं राहण्याचं बळ नव्हतं, कारण ते बळ तिच्यात घातलेलंच नव्हतं.

तुटलेले तुकडे जोडावेत की नवी भिंत घालावी, यावर बराच काळ खल झाला. २०२४ मध्ये परदेशी तज्ज्ञांचं पथक येऊन पाहून गेलं आणि नवी सलग भिंत घालण्याचं ठरलं. जोडकाम म्हटलं की जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये आणखी सांधे, तेही ९० मीटर खोलीवर, आणि सांध्यांची खात्री कोण देणार? मला हा निर्णय योग्य वाटतो. २०२५ च्या जानेवारीत नव्या भिंतीचं काम सुरू झालं. अशा कामात प्रत्येक पॅनलची ओळंब्याची नोंद, तळाला लागलेल्या खडकाचे नमुने आणि ओतलेल्या काँक्रीटचा हिशोब वेगळा ठेवतात. खणलेल्या आकारमानापेक्षा काँक्रीट कमी लागलं, तर आत कुठेतरी माती किंवा चिखल राहिला आहे असं समजतात. भिंतीच्या दोन्ही अंगांना पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या बसवतात. धरण भरल्यावर वरच्या अंगाची पातळी चढली आणि खालच्या अंगाची जागेवर राहिली, तर भिंत काम करते आहे. दोन्ही एकदम चढू लागल्या, तर कुठल्या पॅनलपाशी चढल्या ते पाहून त्या पॅनलची जुनी नोंद काढायची आणि शोध तिथून सुरू करायचा.